उलट्या बशा आणि नावड्याचं तबक

नवी मुंबईला राहून आले म्हटल्यावर कराडात सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "तिथं बघण्यासारखं काय आहे?" मी खरं ते सांगितलं. बशांच्या पाठी. त्यावर आमच्या गटातल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तिसऱ्यानं माझ्यापुढची चहाची बशी हळूच मागे ओढली. तेव्हा आता सविस्तर लिहिणं भाग आहे.

ज्यांनी आमचं 'पितळ देऊ नका' हे गुलाबी पत्रक वाचलंय त्यांना माझी मतं ठाऊक आहेत. ज्यांनी त्यात नुसती भजी खाल्ली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गावोगाव टेम्पो फिरतात. आजीचं घंगाळ द्या, स्टीलच्या ताटल्या घ्या. बायका खूश, कारण स्टील घासायला सोपं. टेम्पोवाला त्याहून खूश, कारण तेच घंगाळ पुण्या-मुंबईच्या बंगल्यात दारापुढे फुलं तरंगवायला जातं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यात माणसं न्हाली त्यात आता झेंडू न्हातो. ही अदलाबदल नव्हे, दिवसाढवळ्या लूट आहे, असं मी पत्रकात लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणते.

ही लूट शेवटी जाते कुठं ते डोळ्यांनी बघायचं मनात होतंच. त्यात रेहानाचं लग्न ठरलं. कॉलेजात ती आणि मी होस्टेलच्या एका खोलीत राहायचो. तिचं घर नावड्याला, तळोज्याच्या कारखान्यांना लागून. तिनं कळवलं, "आठ दिवस आधी ये, मदतीला. आणि येऊन भांडण उकरू नकोस." पहिली अट मी जवळजवळ पाळली.

नावडे

एसटीनं कळंबोलीला उतरवलं. उतरल्यावर नवी मुंबईनं मला पहिलं काय दाखवावं, तर लोखंडाचा बाजार. नजर पोचेल तिथवर सळ्या, पत्रे, पाइप. पितळाची बाजू घेऊन निघालेल्या बाईला थेट शत्रूच्या राजधानीत उतरवलं होतं. मला एकदम हुरूप आला.

रेहाना रिक्षा घेऊन आली होती. तिनं मिठी मारली, मग माझी पिशवी उचलून बघितली.

"पत्रकं आणलीस?"

"थोडी."

"ही थोडी? मंगल, लग्न आहे माझं. इलेक्शन नाही."

हा सगळा मुलूख म्हणजे ओसाड दलदल होती आणि त्यावर सुंदर शहर वसवलं, असं मी लहानपणी कुठंतरी वाचलं होतं. तद्दन खोटं. एका बाजूला कारखान्यांची धुराडी, दुसऱ्या बाजूला एकाच साच्यातून काढल्यासारख्या कॉलनीच्या इमारती, आणि मधे जुनी गावं आपापल्या जागी बसलेली. पाहुणे जेवून कधी उठतात याची वाट बघणाऱ्या घरमालकांसारखी. ओसाड म्हणणाऱ्यांनी एकदा रेहानाच्या घरच्या गच्चीवर जावं. तिथं दादी बसलेली असते.

दादी म्हणजे रेहानाच्या वडिलांची आई, हमीदाबी. रेहानाचे अब्बा आखातात कामाला, त्यामुळे घरात अम्मी, मोठा भाऊ इरफान, रेहाना, आणि सगळ्यांवर दादी. मी गेले तेव्हा ती काठी घेऊन मांजरांपासून वाळत घातलेले सोडे राखत होती. सोडे म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, हे मला तिथं कळलं.

"तू कराडची ना?" तिनं विचारलं. "तुमच्याकडं समुद्र नाय म्हनं."

"नाही."

"मंग लोकं काय बघत बसतात?"

"नदी आहे. दोन आहेत."

"दोन कशाला?" दादी म्हणाली. कृष्णा-कोयनेच्या संगमावर आमच्याकडे केवढा अभिमान. पण दादीसमोर मलाही एक नदी जास्तीची वाटायला लागली.

जेवायला तांदळाच्या भाकऱ्या होत्या, पातळ आणि पांढऱ्याशुभ्र. आमच्याकडे भाकरी थापायला घेतली की गल्लीला कळतं. इथं अम्मीच्या हाताचा आवाजच नाही, भाकरी नुसती मोठी होत जाते. सोबत तळलेल्या मांदेल्या. मी मटणाच्या प्रांतातली, मासा कसा खातात ते ठाऊक नाही, काटा घशात अडकला. तिघींनी मिळून मला भाताचे कोरडे गोळे गिळायला लावले. काटा गेला, पण अम्मीनं जाहीर केलं की ही मुलगी भाषण देते म्हणून घसा मोठा असेल असं वाटलं होतं.

संध्याकाळी सोडे उचलायला मी गच्चीवर गेले आणि प्रकरण तिथं सुरू झालं. सोडे ज्यावर पसरले होते ते एक पितळी तबक होतं, गाडीच्या चाकाएवढं. एक मूठ उचलली तर खालून वेल दिसला. दुसरी उचलली तर वेलाचं पान चांदीचं. मी घाईघाईनं सगळे सोडे माझ्या पत्रकांवर ओतले, ओढणीनं तबक पुसलं आणि जिन्यात ओरडले. चांदीची आणि तांब्याची तार पितळात ठोकून बसवलेली, काठापासून आतपर्यंत वेलात वेल, आणि बरोबर मध्यभागी तळहाताएवढा गोल, अगदी कोरा.

"सासऱ्यानं आनलं बसऱ्याहून," दादी म्हणाली. "तांडेल व्हता तो. जहाजावर." घरातल्या प्रत्येक पोरीच्या लग्नात याच तबकात नवऱ्या मुलाचे कपडे घालून पाठवायचे. सासरचे त्यातच साखर आणि खजूर भरून तबक परत धाडतात. दादीच्या नणंदा, तिच्या मुली, सगळ्यांच्या वेळी तबक गेलं आणि आलं. आता रेहानाचं. दोन लग्नांच्या मधल्या वेळात ते सोडे वाळवतं.

"दादी, हे फार मोलाचं आहे," मी म्हटलं.

"म्हाईत हाय. याच्यात सोडे कडक वाळतात."

तेवढ्यात इरफानभाई आला. त्याचा एक टेम्पो आहे, कारखान्यांचा माल नेतो आणि अडत्यांचाही. दुसरा घ्यायचं त्याचं स्वप्न. त्यानं तबकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कितीला जाईल?"

"विकायचं नाही," मी ठणकावलं. "पण किंमत माहीत पाहिजे. किंमत माहीत नसते म्हणूनच आपले लोक लुटले जातात." हा माझ्या पत्रकाचा दुसरा परिच्छेद आहे, मला पाठ आहे.

"एकदम बरोबर बोललीस," इरफानभाई म्हणाला. "वाशीत एक जण आहे. उद्या जाऊ."

वाशी

इरफानभाईला सकाळी एपीएमसी मार्केटात कांदा उचलायचा होता, म्हणून आम्ही सगळे टेम्पोतच निघालो. दादी पुढे बसली. "माझं तबक जातंय तर मी पन जाते." मी आणि रेहाना मागे, मधे माझ्या गुलाबी पत्रकांत गुंडाळलेलं तबक.

एपीएमसीबद्दल एवढंच सांगते की आमचा आठवडी बाजार तिथं कुणाच्या खिशातून पडला तर सापडणार नाही. कांद्याचे डोंगर, त्यांच्यामधून पळणारे हमाल, आणि सगळीकडे असा वास की रडू येत नसेल त्यालाही यावं. मी दोन हमालांना पत्रक दिलं. एकानं घडी घालून डोक्यावर पोत्याखाली ठेवलं. म्हणाला, "ताई, अजून एक द्या ना, टोचतंय." दिलं. चळवळीचा उपयोग लोकांनीच ठरवायचा असतो.

इरफानभाई म्हणाला होता त्या वर्तकांचं जुन्या वस्तूंचं दुकान एका सेक्टरच्या शॉपिंग सेंटरमध्ये होतं, एसटीडी बूथ आणि लेडीज टेलरच्या मधे. मी लुटारूंच्या गुहेची तयारी करून गेले होते. आत एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ, गळ्यात दोरीनं अडकवलेलं भिंग, हातात उलटी धरलेली बशी. आमच्याकडे न बघताच म्हणाले, "पुढची बाजू विकणाऱ्याची असते. पाठ वस्तूची. बसा."

मी बसले नाही. विचारलं, "तुम्ही गावाकडची घंगाळं घेता?"

"घेतो."

"काय भावानं?"

"भंगारवाला देतो त्याहून जास्त."

"आणि विकता?"

"भंगारवाला विकतो त्याहून फारच जास्त," ते शांतपणे म्हणाले. "चहा घेणार की आधी भांडणार?"

माणूस खरं बोलायला लागला की माझ्यासारखीची मोठी पंचाईत होते. शिवाय पुढचा तासभर त्या माणसानं मला जे दाखवलं त्यानं माझं डोकं गरगरलं. त्यांच्या फळीवर काळ्याकुट्ट मूर्तींची रांग होती. "ही तीनशे वर्षांची म्हणून एकानं आणली. गेल्या पावसाळ्यात जन्मलीय." चिंच-मीठ चोळून खाडीकाठच्या खाजणाच्या चिखलात पुरायची, की पितळ म्हातारं होतं. ओळखायचं कसं? खोटं म्हातारपण सगळीकडे सारखं चढतं. खरं म्हातारपण जिथं हात लागतो तिथं झिजतं आणि जिथं हात पोचत नाही तिथं साचतं. तांब्याचा गळा गुळगुळीत असतो, कारण तिथं धरतात. समईची वरची वाटी घासून पातळ होते. हातानं कोरलेली रेघ जाड-बारीक होते, मशीनची एकसारखी जाते. स्क्रूच्या डोक्यावरची खाच अगदी मधोमध असली तर संशय घ्या. भांड्याला टिचकी मारा, एकसंध असेल तर गातं, डाग देऊन सांधलेलं असेल तर खोकतं. मी टिचक्या मारत दुकानभर फिरले. एक हंडा गायला तेव्हा मी हसले, आणि लगेच आठवलं की मी इथं निषेधाला आले आहे.

मग वर्तकांनी तबक उघडलं. आधी वास घेतला.

"हा वास..."

"सोड्यांचा," दादी म्हणाली.

त्यांनी मान डोलावली, जणू काही दर आठवड्याला असंच होतं. तबक उलटं केलं. पाठीवर हातोडीचे ठोके, कमी-जास्त, बारीक. मग सुलटं करून भिंग लावलं आणि काठापासून एकेक वेल बघत आत गेले. टेलरच्या दुकानातलं मशीन तेवढं चालू होतं.

"दमास्कसकडचं काम," शेवटी म्हणाले. "बसऱ्याच्या बाजारात आलं असेल. आणि बघा, हा मधला गोल. कारागीर ही जागा मालकाच्या नावासाठी सोडायचे. घेणारा आपलं नाव घालून घ्यायचा. इथं कुणी घातलंच नाही. दुकानातून निघालं तसंच कोरं आहे. घेणारा याच्यासाठीच वेडा होतो."

दादी पुढे वाकली. "नावासाठी ठेवलीय म्हनता?"

"हो."

"कोनाच्या?"

"मालकाच्या, आजी."

"अस्सं," दादी म्हणाली आणि चहा बशीत ओतला.

वर्तकांनी इरफानभाईला बाजूला नेऊन आकडा सांगितला. मला ऐकू आला नाही, पण परतला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दुसरा टेम्पो उभा होता, हेडलाइट लावून. रविवारी वर्तक गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन नावड्याला येणार, तबक नेणार, असं ठरलंसुद्धा.

मी पेटले. हे घरचं आहे, रेहानाच्या लग्नाचं आहे, कुणाच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगायला नाही, अशी सुरुवात केली. इरफानभाईनं मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, "मंगल, किंमत माहीत पाहिजे असं कोण बोललं? झाली ना माहीत. आता पुढे काय करायचं ते पण लिहायचं होतं त्यात."

माझ्या पत्रकात तिसरा परिच्छेदच नव्हता.

परतताना टेम्पोच्या मागे आम्ही दोघी कांद्याच्या पोत्यांवर बसलो. रेहाना तबकाच्या काठावर बोट फिरवत होती.

"तुला वाईट वाटतंय," मी म्हटलं.

"कांद्यानं होतंय."

"रेहाना."

"काय सांगू त्याला? अब्बा नाहीत इथं, सगळं तोच बघतो. माझ्या लग्नात किती राबतोय. अब्बांच्या बहिणी, माझ्या फुप्पी, सगळ्यांच्या वेळी कपडे याच्यातून गेले, साखर-खजूर याच्यातून आले. माझे प्लास्टिकच्या ट्रेमधून जातील. त्यात काय." मग म्हणाली, "गुलाबी नको हां ट्रे."

घरी पोचल्यावर दादी सगळ्यांच्या आधी बोलली. "विक इरफान. तुझं काम चालतंय तर विक. पन पोरीचे कपडे एकदा जाऊन येऊ दे त्याच्यावर. मंग ने."

इरफानभाईच्या जिवावरचं ओझं उतरलं. "एवढंच ना दादी? कपडे शुक्रवारी जातील, रविवारी सकाळी तबक परत. वर्तकसाहेब दुपारी येतायत." रेहाना हसली. फक्त मलाच ती तडजोड हरल्यासारखी वाटली आणि मी जेवताना तसं सांगितलंही. अम्मीनं माझ्या ताटात आणखी एक मांदेली वाढली. काटा अडकला की मी गप्प बसते, हे तिच्या लक्षात आलं होतं.

शिरवणे

दुसऱ्या दिवशी रेहाना आणि मी निमंत्रणं द्यायला निघालो. त्याच वेळी दादी आणि अम्मी पनवेलच्या बाजाराला निघाल्या. दादीनं रिक्षात एक जड गाठोडं चढवलं. मी हात द्यायला गेले तर म्हणाली, "लग्नाची भांडी हायत. तू तुझी कागदं वाट."

आता कबूल करते की वर्तकांनी मला बिघडवलं होतं. नेरुळच्या एका सोसायटीत रेहानाच्या मैत्रिणीच्या सासूबाईंनी शोकेस दाखवली तर मी आतला पितळी घोडा उचलून त्याचं पोट तपासलं. उडप्याकडे सांबाराची वाटी संपायच्या आत उलटी करून पाहिली. मेड इन इंडिया, एवढं कळायला रेहानाची ओढणी खर्ची पडली. "तू बशी बघतेस तशी माझ्या नवऱ्याकडे बघू नकोस," ती म्हणाली.

शिरवण्याला इरफानभाईच्या दोस्ताचं घर होतं. नेरुळच्या इमारतींनी चहूबाजूंनी वेढलेलं जुनं आगरी गाव. दोस्ताच्या आईनं, बेबीकाकीनं, आम्हाला बसवलं, आणि पाणी यायच्या आधी मला कोपऱ्यातली बरणी दिसली. कमरेएवढी, तपकिरी, काचेसारखी चकाकणारी. चीनहून गलबतातून आलेली असणार, हे मला त्या क्षणी दिसायलाच लागलं. मी बेबीकाकीला सांगितलं की तिच्या घरात काय आहे याची तिला कल्पना नाही, आणि ती कुणालाही, अगदी कुणालाही विकायची नाही.

"कोन मागतंय?" बेबीकाकी म्हणाली.

मी पाठ बघायचा हट्ट धरला. तिघींनी मिळून बरणी कलती केली. खाली ठळक इंग्रजी अक्षरांत 'अ‍ॅसिड' आणि एका कंपनीचा शिक्का.

"चिनी नाय गो," बेबीकाकी हसून हसून खाली बसली. "आमचे हे कंपनीत व्हते, ठाणे-बेलापूर पट्ट्यात. रिटायर झाले तवा हार दिला, नारळ दिला, आनि ह्यांनी ही मागून घेतली. पंधरा दिवस धुत व्हते."

"आता काय ठेवता त्यात?"

तिनं झाकण काढलं. आत खडेमीठ होतं, करडसर, मोठ्या खड्यांचं. त्यांचं स्वतःचं मिठागर होतं तेव्हाचं, शेवटच्या वर्षाचं. तिथं आता सेक्टर आहे आणि बालवाडी आहे. "खात नाय आमी. सन असला तर एक खडा डाळीत टाकतो." तिनं एक खडा माझ्या हातावर ठेवला. मी तो उलटा करून बघितला. चारही बाजूंनी सारखाच. रेहाना म्हणाली, पहिल्यांदाच मंगलला पाठ सापडली नाही. तो खडा माझ्या टेबलावर आहे. भाव विचारू नये.

पुन्हा नावडे

शुक्रवारी तबक नटून निघालं. वर हिरवं जरीचं कापड, त्याखाली नवऱ्याचे कपडे, अत्तराची कुपी, सुका मेवा. दादीनं ते स्वतः भरलं, आतल्या खोलीत, दार लावून. बघायला गेले तर म्हणाली, "बिनलग्नाच्या पोरींनी बघायचं नाय." रेहानानं डोळे मोठे केले. असा रिवाज तिनंही पहिल्यांदाच ऐकला होता. मग चारचौघी बायका गात गात तबक घेऊन इरफानभाईच्या टेम्पोत चढल्या. नवऱ्या मुलाच्या वाशीतल्या सोसायटीला लिफ्ट होती आणि ती तबकाला अरुंद पडली, तेव्हा चौथ्या मजल्यापर्यंत गाणं जिन्यानं गेलं, असं परत आल्यावर कळलं.

रविवारी सकाळी तबक आलं. त्यावर साखरेचा डोंगर आणि खजूर. शेजारपाजारच्या पोरांना वाटून होईपर्यंत वर्तक दारात हजर, इस्त्रीचा सदरा घालून, बगलेत घडी केलेली मऊ चादर. लग्नाला आल्यासारखेच दिसत होते. मी कोपऱ्यात कडवट चेहऱ्यानं उभी राहिले. निषेध नोंदवण्यापलीकडे माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

रेहानानं उरलेली साखर परातीत ओतली. दादी म्हणाली, "पुसून दे साहेबांना." रेहाना पुसायला लागली आणि थांबली. तिनं तबक उचलून खिडकीकडे धरलं. मग ते वर्तकांच्या हातात दिलं.

मधला गोल आता कोरा नव्हता. लग्नाच्या ताटांवर, तांब्यांवर घालतात ना, विजेच्या यंत्रानं टिंबाटिंबांचं नाव, तशी गोल भरून अक्षरं होती. वर्तकांनी भिंग लावायची गरज नव्हती, पण सवयीनं लावलं आणि मोठ्यानं वाचलं. "हे तबक नावडे येथील हमीदाबी यांचे घरचे आहे. काम झाल्यावर परत करणे."

वर्तकांच्या हातातून सुटलेलं भिंग दोरीला लोंबकळलं.

"मशीननं," ते म्हणाले.

"पनवेलच्या," दादीनं सांगितलं. "अक्षराला पैसे घेतात मेले. म्हनून थोडक्यात लिवलं."

"दादी," इरफानभाईचा आवाज चिरकला. "हे काय केलंस तू?"

"तू नव्हतास काय तिथं? साहेब बोलले, जागा मालकाच्या नावाला ठेवलीय. इतकी वर्सं मला कोनी बोललंच नाय. गावात सगल्यांना ठाव, तबक कोनाचं. नाव कशाला घालायचं? आता पोरगी चाललीय सोसायटीत. तिथं चौथ्या माल्यावर एकाचं भांडं दुसऱ्याकडं गेलं तर कोन आनून देतंय? भांडं घराबाहेर जायचं तर नाव नको?"

या युक्तिवादात मला एकही फट सापडली नाही, आणि फटी शोधणं माझा धंदा आहे. माझ्या आईनंसुद्धा मला होस्टेलला पाठवताना चमच्यावर नाव घातलं होतं.

इरफानभाईनं वर्तकांकडे बघितलं. "आता किती?"

वर्तकांनी तबक उलटं केलं, सुलटं केलं, टिंबांवरून अंगठा फिरवला. "आता पितळ. आणि थोडी चांदी. वजनावर."

"वजनावर म्हणजे?"

"तुझ्या टेम्पोचा एक टायर."

इरफानभाई दादीकडे बघत होता, दादी मांजराकडे. मग तो तोंडावर हात घेऊन असा हसायला लागला की आधी मला वाटलं रडतोय. "एका टायरसाठी दादीशी पंगा," तो म्हणाला, "नाय परवडत साहेब."

वर्तकही हसायला लागले होते, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. चादरीची घडी मोडून त्यांनी तबक पुसलं, अगदी काठापासून. "एक सांगतो," ते म्हणाले. "शंभर वर्षांनी माझ्यासारखा कुणी हे उलटंसुलटं करेल. म्हणेल, बघा, मालकिणीचं नाव आहे, गाव आहे, रीत आहे. तेव्हा याचा भाव आजच्याहून वर जाईल."

"थांबतो मग," इरफानभाई म्हणाला. "तोपर्यंत जेवून घ्या."

वर्तक जेवायला बसले. सोड्यांचं कालवण दोनदा मागून घेतलं आणि तिसऱ्यांदा वाढताना अम्मीनं डोळे वटारले, कारण त्यांनी वाटी उलटी करून पाठ बघितली होती.

दुपारी गच्चीवर मी दादीजवळ जाऊन बसले. तबक धुऊन उन्हात ठेवलं होतं, वर सोडे. मधली अक्षरं झाकली गेली होती.

"दादी, खरं सांग. वाशीला ते नावाचं ऐकलंस तेव्हाच ठरवलंस ना?"

"मला काय कळतंय पोरी," ती म्हणाली आणि काठी आपटून मांजर हाकललं. मग आपणहूनच म्हणाली, "तू लय बोलतेस. बोलून नाय व्हत. नाव घालायचं."

लग्न झालं. त्याचं वर्णन करत नाही, कारण मी इतकी नाचले की मला फारसं आठवत नाही. निघायच्या दिवशी दादीनं माझ्या हातात एक डबा दिला, सोड्यांनी गच्च भरलेला. एसटीत बसल्यावर सवयीनं मी तो उलटा केला, या वेळी झाकण घट्ट धरून. तळाला टिंबाटिंबांची अक्षरं होती. "मंगल, कराड. डबा परत करणे."

आमच्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, डबा रिकामा कुणी परत करत नाही. सोडे गेल्या आठवड्यात संपले. गूळ भरून ठेवलाय आणि रेहानाला कळवलंय. डबा स्टीलचा आहे. त्याबद्दल गटात कुणाला काही म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हणावं.